उधारीची वही आणि एमबीएचा प्रकल्प: खेड्यात राहून संशोधन पूर्ण कसं करायचं

जानेवारी लागला की चौथ्या सत्राची मुलं विषय घेऊन माझ्याकडे येतात. कागदावर लिहिलेलं असतं, 'माहिती तंत्रज्ञान कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा अभ्यास'. मुलगा यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या पलीकडच्या खेड्यातला, कॉलेज तालुक्याला, आणि कंपनी पुण्याची. मी विचारतो, तिथं ओळखीचं कोण आहे? तो म्हणतो, "कोणीच नाही सर, पण मागच्या वर्षी एकानं हाच केला होता." मग मार्च संपेपर्यंतचे दिवस कंपनीच्या ईमेलची वाट बघण्यात जातात. एप्रिलमध्ये धावपळ होते. मे महिन्यात झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा प्रकल्प विकत घेतला जातो. दोन वर्षांच्या शिक्षणातलं स्वतः काही शोधून काढायचं एकमेव काम असं हातचं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

एमबीए किंवा एम.कॉम.चा प्रकल्प पहिल्यांदाच करणाऱ्या, विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. ज्या दारात तुम्हाला ओळखून पाणी विचारलं जातं, त्या दारातला विषय घ्या, एवढंच माझं पहिलं सांगणं. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी कृषी केंद्रातल्या, म्हणजे बी-खताच्या दुकानातल्या, उधारीच्या एकाच उदाहरणावर समजावतो. तुमचा विषय वेगळा असला तरी अडचणी साधारण याच येतात.

पायरी १: विषयाचा प्रश्न करा

'ग्रामीण भागातील कृषी निविष्ठा (बी, खत, औषधं) विपणनाचा अभ्यास' हा विषय झाला. त्यात शोधायचं काय, ते कुठंच नाही. तोच विषय गावात उभं राहून बघा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कास्तकार बी-खत आणायला कृषी केंद्रात जातो. नगदी पैसे थोड्यांकडेच असतात. बाकीच्यांचं नाव वहीत चढतं, आणि सोयाबीन किंवा कापूस विकला की हिशेब होतो. दुसरीकडे, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. बँकेचा पैसा बिनव्याजी मिळत असताना माणूस महागडी उधारी का घेतो? हा खरा प्रश्न आहे.

त्याची उत्तरं गावात कोणालाही ठाऊक असतात, पण मोजलेली नसतात. एखाद्याचं जुनं कर्ज थकलेलं असतं, म्हणून नवं मिळत नाही. एखादा मक्त्यानं (ठरल्या पैशावर) किंवा बटईनं (वाट्यानं) वावर करतो, सातबारा त्याच्या नावावर नाही. एखाद्याचं कर्ज मंजूर आहे, पण खात्यात यायला जुलै उजाडतो आणि पेरणी तर जूनमध्ये उरकायची असते. दुकानदार मात्र त्याच दिवशी चुंगडी (पोतं) काढून देतो. यातलं कोणतं कारण किती कुटुंबांना लागू आहे, हे मोजलंत तर तो प्रकल्प झाला.

आता हा प्रश्न आवळत न्या. विदर्भाचे जिल्हे ११, तुमचा वेळ चार महिने. म्हणून जिल्हा सोडा, एक तालुका घ्या. तालुक्यातली चार गावं घ्या: दोन बाजारपेठेजवळची, दोन आडवळणाची. सगळ्या हंगामांऐवजी फक्त खरीप २०२५ घ्या. आणि सगळ्या खर्चाऐवजी फक्त बियाणं, खत, फवारणीची औषधं. मग शीर्षक असं होतं: 'आर्णी तालुक्यातील चार गावांत खरीप २०२५ मध्ये कृषी केंद्राकडून घेतलेल्या उधारीची कारणे व किंमत'. शीर्षक लांबलं तरी चालेल. त्यातल्या प्रत्येक शब्दानं तुमचं काम कमी केलं आहे.

उधारीचा विषय नको असेल तर इकडे तिकडे बघा. वरुड-मोर्शीच्या बाजूला संत्र्याचा बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला देण्याचा व्यवहार आहे. समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची, दोघींना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा भावात फायदा पिकवणाऱ्याला झाला का, हा सरळ प्रश्न आहे. आंधळगाव-मोहाडीकडे टसरचं विणकाम आहे, गडचिरोलीत तेंदूपानाचे लिलाव आहेत, हिंगणघाटला जिनिंग आहे, आणि जवळजवळ प्रत्येक तालुक्यात एखादी शेतकरी उत्पादक कंपनी आणि भरपूर बचत गट आहेत. तुमच्या घरचं किराणा दुकान असेल तर तेही चालतं. घरचा धंदा प्रकल्पाला हलका पडतो, हा गैरसमज काढून टाका.

पायरी २: कॅलेंडर काढा, पण शेतीचं

मार्गदर्शक तुम्हाला विद्यापीठाचं वेळापत्रक देतील. त्याच्या शेजारी गावाचं वेळापत्रक लिहा, कारण माहिती देणारी माणसं त्या दुसऱ्यावर चालतात.

जानेवारी-फेब्रुवारीत कापसाची वेचणी शेवटच्या टप्प्यात असते आणि खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा असतात. सोयाबीन बहुतेकांचं विकून झालेलं असतं, म्हणून उधारी फिटली की नाही ते नेमकं सांगता येतं. आपल्या उदाहरणासाठी हा काळ सगळ्यात चांगला. फेब्रुवारीच्या शेवटाला हरभऱ्याची सोंगणी, मग गहू. तेव्हा दिवसा घरी कोणी भेटत नाही. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात बँक, पतसंस्था, सोसायटी, दुकान यांपैकी कुठंही जाऊ नका. वसुली आणि हिशेब जुळवण्यात ते गुंतलेले असतात. तुम्ही गेलात तर नाही ऐकून परत याल आणि ते नाही पुढेही कायम राहील. एप्रिल-मेमध्ये ऊन ४५ अंशांपर्यंत जातं आणि लग्नसराई असते. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर गेलं तर माणसं निवांत भेटतात. जून लागला की विषय संपला. पेरणीच्या दिवसांत प्रश्नावली घेऊन वावरात उभं राहणं बरोबर नाही.

तेव्हा माहिती गोळा करण्याचं काम जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत उरका. मागचे अभ्यास वाचणं, प्रस्तावना लिहिणं हे काम मार्चवर टाका. पुस्तकं तुम्हाला सांगतील की आधी वाचन, मग क्षेत्रकाम. क्रम बरोबर आहे. पण डिसेंबरच्या सुट्टीत पंधरा दिवस नीट वाचलं तर प्रश्नावली करण्याइतकं कळतं, बाकीचं नंतर वाचता येतं.

आठवडी बाजाराचा दिवस वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी गावात कोणी नसतं, पण दुकानदार आणि आडते एकाच जागी दिसतात. मुलाखत त्या दिवशी घ्यायची नाही. तोंडओळख करायची आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्यायची.

पायरी ३: कागद कुठून मिळतात

कंपनी माहिती देत नाही, ही मुलांची सगळ्यात मोठी तक्रार. पण आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांची माहिती आधीच छापलेली असते. पतसंस्था, सेवा सोसायटी, खरेदी-विक्री संघ या सहकारी संस्था आहेत. त्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि त्याआधी सभासदांना अहवाल दिला जातो. ताळेबंद, नफा-तोटा, थकबाकी सगळं त्यात असतं. तुमच्या काकांच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी फळीवर असे पाच वर्षांचे अहवाल सापडतील. व्यवस्थापकाच्या पाया पडण्याआधी तिथं बघा.

गावनिहाय कुटुंबसंख्या २०११च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत आहे. जिल्ह्याची शेती, बँका, उद्योग यांची आकडेवारी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' या वार्षिक पुस्तिकेत मिळते. कोणत्या पिकाला किती कर्ज लागेल, याचा जिल्हानिहाय आराखडा नाबार्ड दरवर्षी काढते. शेतकरी कुटुंबांच्या कर्जाची देशपातळीवरची माहिती राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१९ मधल्या ७७व्या फेरीत आहे. बाजारभाव पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे मिळतात. परवाना असलेल्या कृषी केंद्रांची यादी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मागा. तोंडी मागून मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. ही मुदत धरूनच अर्ज डिसेंबरात टाका.

कॉलेजचं पत्र सोबत हवंच. त्यावर प्राचार्यांची सही, शिक्का, तुमचं नाव, विषय आणि 'माहिती फक्त अभ्यासासाठी वापरली जाईल' हे वाक्य असू द्या. पत्र मराठीत घ्या. इंग्रजी पत्र दाखवलं की दुकानदाराला नोटीस आल्यासारखं वाटतं.

पायरी ४: किती लोकांना विचारायचं

"सर, १०० घेऊ का?" असं मुलं विचारतात. १०० हा आकडा कुठून आला ते कोणालाच सांगता येत नाही, आणि बाहेरचे परीक्षक नेमकं तेच विचारतात. एक साधं सूत्र यामाने यांच्या नावानं ओळखलं जातं: एकूण संख्येला, एक अधिक एकूण संख्या गुणिले चुकीच्या प्रमाणाचा वर्ग, यानं भागायचं. तुमच्या चार गावांत मिळून १,२०० शेतकरी कुटुंबं आहेत असं समजा. ५ टक्के चूक चालेल म्हटलं तर ०.०५चा वर्ग ०.००२५, त्याला १,२००नं गुणलं की ३, एक मिळवला की ४, आणि १,२०० भागिले ४ म्हणजे ३००. चूक १० टक्के धरली तर १,२०० भागिले १३, म्हणजे ९२.३, वर धरून ९३.

आता पाय किती चालतील ते बघा. एक मुलाखत अर्धा तास, त्यात घर शोधणं आणि चहा. दिवसाला आठ झाल्या तर भरपूर. ९३ मुलाखतींना बारा दिवस लागतात, म्हणजे सहा आठवड्यांचे शनिवार-रविवार. ३००ला ३८ दिवस. एकट्या माणसाला ९३च झेपतात. अहवालात तसं मोकळेपणानं लिहा: वेळ आणि प्रवास बघून १० टक्के चूक मान्य करून नमुना ९३ घेतला. ही कबुली परीक्षकांना आवडते. कारण ती खरी असते.

घरं निवडताना ओळखीच्या लोकांकडे जाऊ नका. गावाच्या एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येक तेरावं घर घ्या. १,२०० भागिले ९३ म्हणजे साधारण तेरा. कुलूप असेल तर पुढचं घर घ्या आणि वहीत तशी नोंद करा. गावाच्या टोकाची वस्ती, पारधी बेडा, गोवारी मोहल्ला वगळला जाणार नाही याची काळजी घ्या. उधारीची सगळ्यात महाग किंमत बहुधा तिथंच मोजली जाते.

मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात गूगल फॉर्म टाकून ९३ उत्तरं एका रात्रीत मिळतात. ती उत्तरं बावीस वर्षांच्या पदवीधर मुलांची असतात. वावर बापाचं, उधारी बापाची, आणि उत्तर मुलाचं. ते या अभ्यासाला चालत नाही.

पायरी ५: प्रश्न वऱ्हाडी कानाला कळला पाहिजे

माझा अनुभव असा की बहुतेक प्रकल्प इथंच मोडतात. प्रश्नावली इंग्रजीत तयार होते, फोनवर तिचं भाषांतर होतं, आणि कागदावर उतरतं, 'आपण निविष्ठा खरेदीकरिता कोणत्या पतस्रोतावर अवलंबून असता?' समोरचे काकाजी तुमच्याकडे बघत राहतात आणि शेवटी तुम्हीच एका चौकोनात खूण करता. त्याऐवजी विचारा, 'काकाजी, यंदा बी-खत नगदी आणलं का उधार?'

प्रश्नावली करण्याआधी तीन घरी नुसतं जाऊन बसा. कागद काढू नका. लोक कोणते शब्द वापरतात ते ऐका आणि तेच शब्द प्रश्नात घाला: वावर, चुंगडी, पऱ्हाटी (कपाशी), चुकारा (मालाचे मिळालेले पैसे), मक्ता. मग दहा घरी प्रश्नावली करून बघा आणि जिथं जिथं तुम्हाला प्रश्न समजावून सांगावा लागला तो प्रश्न बदला. ही दहा घरं ९३ मध्ये धरायची नाहीत.

मत कमी विचारा, घडलेलं जास्त विचारा. 'दुकानदाराच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?' असं विचारलं तर आपल्याकडचा माणूस 'बरंच आहे' म्हणणार. गावात राहायचं आहे, त्याच दुकानात पुन्हा जायचं आहे. 'यंदा खताची पहिली चुंगडी कधी आणली, तिचे किती लागले, पैसे कधी दिले?' असं विचारलं तर आकडा मिळतो. तारीख कोणाला आठवत नाही, सण आठवतात. पोळ्याच्या आधी का नंतर, दसऱ्याला का दिवाळीला, संक्रांतीपर्यंत फिटली का, असं विचारा आणि घरी येऊन पंचांगावरून तारीख लावा.

पाच पर्यायांचं माप, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, तोंडी विचारताना फार घोटाळा करतं. दोन-तीन मतांचे प्रश्न लागणारच असतील तर तुरीचे पाच दाणे सोबत ठेवा. 'दुकानदारावर जितका भरवसा, तितके दाणे इकडे सरकवा' म्हटलं की माणूस विचार करून दाणे सरकवतो. मापही तेच राहतं, एक ते पाच. पद्धतीच्या प्रकरणात हे लिहा. परीक्षकांना यात वावगं काही दिसणार नाही.

मापांची गफलत होऊ देऊ नका. लोक एकर सांगतात, सरकारी आकडे हेक्टरमध्ये असतात. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) व्यापाऱ्याची खंडी ३५६ किलोची, पण भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात कोणी खंडी म्हटलं तर ती किती किलोची हे त्याच घरी विचारून घ्या. कापसाची गाठ १७० किलोची असते आणि ती रुईची असते, कापसाची नाही.

सगळ्यात मोठी गफलत व्याजाची. कोणी 'शेकडा दोन' म्हणालं तर ते महिन्याचं असतं, वर्षाचे २४ टक्के. मुलं ते २ टक्के वार्षिक म्हणून लिहितात आणि सगळा निष्कर्ष उलटा पडतो. 'सवाई' म्हणजे हंगामाला सव्वापट परत, 'दीडी' म्हणजे दीडपट. कृषी केंद्राच्या उधारीत तर व्याज हा शब्दच नसतो. ते भावात दडलेलं असतं. समजा एखादी वस्तू नगदीनं १,२०० रुपयांना आणि उधारीवर १,३२० ला मिळते, आणि पैसे जूनपासून सहा महिन्यांनी, डिसेंबरात दिले. १२० रुपये जास्त, म्हणजे सहा महिन्यांचे १० टक्के, वर्षाचे २०. म्हणून प्रत्येक घरी तीन गोष्टी विचारा: नगदी भाव, उधारीचा भाव, आणि किती महिन्यांनी फेडलं. या तीन आकड्यांवर तुमचा सगळा प्रकल्प उभा राहतो.

चौथी गोष्ट विचारलीत तर काम आणखी भारी होईल: माल कुठं आणि काय भावानं विकला? खरीप २०२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये क्विंटल होता. उधारी देणाऱ्या दुकानदाराकडेच माल टाकणाऱ्यांना याच्या किती खाली भाव मिळाला आणि बाहेर विकणाऱ्यांना किती, हा फरक काढा. उधारीची किंमत विकताना दुसऱ्यांदा मोजली जाते का, ते त्यातून दिसेल.

पायरी ६: माणसांसमोर

दुकानदार उधारीची वही दाखवणार नाही. मागूही नका. त्याला विचारा, शंभर गिऱ्हाइकांतले किती उधारीवाले, दिवाळीपर्यंत किती देतात, किती पुढच्या सालावर जातात, आणि तुम्हाला कंपनीकडून किती दिवसांची उधारी मिळते? शेवटचा प्रश्न मुलं विसरतात. तो विचारला की दुकानदार मोकळा होतो, कारण त्याच्याही डोक्यावर घाऊक विक्रेत्याची उधारी असते. त्याला खलनायक ठरवून लिहायला जाऊ नका. आधी त्याचा हिशेब समजून घ्या.

मुलींनो, अनोळखी गावात एकटं जाऊ नका. आशाताईला किंवा 'उमेद' या सरकारी अभियानातल्या बचत गटाच्या ताईला आदल्या दिवशी फोन करा आणि तिच्यासोबत फिरा. तिच्यामुळे दार उघडतं, आणि बाई स्वतः बोलते. मुलांनाही हे सांगतो: घरी गेलं की पुरुष उत्तर देतो, बाई आत असते. पण गटाचं आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज बऱ्याच घरी बाईच्या नावावर असतं आणि कृषी केंद्राची उधारी फेडायला तेच वापरलं जातं. तिला विचारल्याशिवाय त्या घरचा हिशेब पुरा होत नाही. वेचणीच्या दिवसांत ती संध्याकाळीच भेटते.

सुरुवातीला सांगा की तुम्ही विद्यार्थी आहात, यातून कुठली योजना मिळणार नाही, कर्ज माफ होणार नाही. लोक आशेनं बोलतात. ती आशा खोटी ठेवून माहिती घेऊ नका. प्रश्नावलीवर नाव नको, क्रमांक टाका. आधार नंबर, पासबुक, वहीचे फोटो घेऊ नका. कोणी मध्येच 'बस झालं' म्हणालं तर उठा.

एक गोष्ट मी मुलांना दाराशी थांबवून सांगतो. आपल्या भागात कर्जाबद्दल विचारताना तुम्ही अशा घरी पोचू शकता, जिथं घरचा माणूस कर्जापायी गेला आहे. तिथं वही मिटवा. त्या घरी तुम्ही संशोधक नसता, आलेला पाहुणा असता. बसा, ऐका, पाणी घ्या. तो फॉर्म मोजणीत धरू नका. आणि बोलणारा माणूसच खचलेला वाटला तर त्याच्या घरच्या कोणाला तरी बाजूला घेऊन सांगा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

पायरी ७: आकडे मांडणं

मुलाखतींच्या दिवशीच रात्री माहिती एक्सेलमध्ये भरा, आठवड्याचं साठवू नका. एका घराला एक ओळ, एका प्रश्नाला एक रकाना. उत्तर नसेल तर जागा रिकामी ठेवा, शून्य लिहू नका. शून्य उधारी आणि न सांगितलेली उधारी वेगळी. फाइल पेनड्राइव्हवर आणि मेलवर, दोन्हीकडे ठेवा. लाईट जाण्यानं अर्धा प्रकल्प गेलेली मुलगी माझ्यासमोर रडली आहे.

सरासरी जपून वापरा. दहा घरांतल्या नऊ जणांची उधारी वीस-वीस हजार आणि एका मोठ्या कास्तकाराची २ लाख असेल, तर सरासरी ३८ हजार येते. ३८ हजार उधारी त्या दहांत एकाचीही नाही. मधली किंमत, म्हणजे मध्यक, काढलात तर २० हजार येते आणि गाव दिसतं. दोन्ही द्या.

काई-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का ते तपासणारी) करणार असाल तर तक्त्याच्या चौकटींतल्या अपेक्षित संख्या पाचाच्या खाली जात नाहीत ना ते बघा. ९३ माणसांचे जमिनीप्रमाणे पाच गट आणि उधारीच्या कारणांचे सहा गट केले की चौकटी होतात तीस, आणि बऱ्याचशा जवळजवळ रिकाम्या. गट एकत्र करा, तीन गुणिले तीन पुरे. अवघड चाचणी घातल्यानं गुण वाढत नाहीत. जी चाचणी का केली हे तोंडी सांगता येत नाही, ती काढून टाका. एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. पीएसपीपी आणि जामोवी ही मोफत आहेत आणि या कामाला पुरून उरतात.

तुम्हाला जे वाटलं होतं ते आकड्यात आलं नाही तर घाबरू नका. एका विद्यार्थ्याला खात्री होती की उधारी फक्त लहान शेतकरीच घेतात. त्याच्या गावात मोठेही तितकीच घेत होते, फक्त दिवाळीच्या आत फेडत होते आणि म्हणून त्यांना नगदीचाच भाव लागत होता. त्याचं गृहीतक पडलं, आणि प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं पान तेच झालं.

पायरी ८: लिहिणं

नियमावलीत मराठीतून लिहिण्याची मुभा आहे का ते आधी बघा; असेल तर घ्या. इंग्रजीतच लिहायचं असेल तर वाक्यं आखूड ठेवा. मागचे अभ्यास शोधायला शोधगंगा (पीएचडी प्रबंधांचं संकेतस्थळ) आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय दोन्ही मोफत आहेत. गावात नेटवर्क नसतं म्हणून कॉलेजात असताना फाइली उतरवून घ्या. दहा प्रबंधांची नावं टाकण्यापेक्षा चार नीट वाचा आणि प्रत्येकातून तुमच्या प्रश्नाला काय मिळालं ते दोन-तीन ओळींत लिहा. चॅटजीपीटीकडून संदर्भ मागू नका. अस्तित्वात नसलेल्या लेखांची नावं, वर्षांसकट, ते बेधडक देतं.

उचलेगिरीबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यावर ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. तयार प्रकल्प विकत घेणाऱ्यांनी हे आकडे नीट वाचावेत. स्वतः फिरून आणलेल्या माहितीला कशाशी साम्य निघण्याचा प्रश्नच येत नाही.

मार्गदर्शकांकडे पंधरा-वीस मुलं असतात. 'सर, बघून सांगा' म्हणून अख्खी फाइल पाठवली तर ती पडून राहते. एक पान न्या, त्यावर दोन प्रश्न लिहून न्या, आणि सरांनी किंवा मॅडमनी जे सांगितलं ते त्यांच्यासमोरच तारखेसह वहीत लिहा.

पायरी ९: तोंडी परीक्षा आणि त्यानंतरचा एक दिवस

बाहेरचे परीक्षक साधारण हेच विचारतात: हीच गावं का, ९३च का, काय सापडलं, काय सापडलं नाही. भरलेल्या दहा प्रश्नावल्या आणि एक्सेलचा मूळ तक्ता सोबत ठेवा. इंग्रजीत अडलात तर परवानगी मागून मराठीत बोला. ज्यानं स्वतः मुलाखती घेतल्या आहेत तो मराठीत बोलायला लागला की थांबत नाही, हे मी बऱ्याच वेळा बघितलं आहे.

प्रकल्प बांधायला टाकण्याआधी निष्कर्षांचं एक पान सोप्या मराठीत काढा. नगदी भाव, उधारीचा भाव, वर्षाला पडणारं व्याज, आणि पीककर्ज न मिळण्याची कारणं, एवढंच. त्याच्या काही प्रती काढा आणि पेरणी लागायच्या आत चारही गावांत जाऊन या. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक बचत गटाच्या ताईकडे, आणि एक त्या कृषी केंद्रात द्या, जिथं दुकानदारानं गिऱ्हाईक थांबवून तुमच्याशी बोलणं केलं होतं. त्याचं किंवा त्याच्या दुकानाचं नाव अहवालात कुठंही आलेलं नाही, हे त्याला पानं उघडून दाखवा.